गोटीराममामाने केलेली चौकशी

"पोरगी द्यायची तर चार ठिकानी इचारतो. मग सोताला द्यायचं तर नको इचारायला?" असं आमचा जासईचा गोटीराममामा म्हणाला, तेव्हा साल होतं त्र्याऐंशी. भातशेती गेल्यावर मामाने पंचेचाळिशीत ट्रकचं लायसन काढलं होतं आणि तुर्भ्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीला ड्रायव्हर हवे होते. दुसरा कोणी सरळ ऑफिसात शिरला असता. आमच्या मामाला सरळ काही करताच येत नसे. तो ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला.

आठ दिवस बसला. तीन पोरी उजवलेला माणूस, कुठं काय बघायचं ते त्याला पक्कं ठाऊक. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे टायर बघितले. जुन्या ड्रायव्हरांना चहा पाजून मालकाचा स्वभाव काढून घेतला. एकाच्या तर घरी जाऊन बायकोलाच विचारलं, "नवरा कामावरून येतो तवा हसतो का?"

नवव्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात गेला. मॅनेजरने त्याला बसाही म्हटलं नाही.

"आठ दिवस समोर बसलेले दिसता, म्हणून तुमची चौकशी केली आम्ही. टपरीवाला सांगतो, हा माणूस दिवसभर नुसता चहा पितो नि गप्पा छाटतो. असला रिकामटेकडा आम्हाला नको."

घरी मामी वाटच बघत होती. "काय झालं?"

"कंपनी एक नंबर हाय," मामा शर्ट काढत म्हणाला. "चौकशी केल्याबिगर मानूस घेत नाय."