जाऊबाईंचा पूर्णविराम

हे मी आजवर कोणाजवळ बोलली नाही. नवऱ्याजवळ नाही, देवीजवळ तर मुळीच नाही. तिच्यासमोर तर तोंड वर करून आरती म्हटली मी! तुले सांगून राहिली.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही ब्राह्मणपाऱ्यातल्या घरचा स्वयंपाकाचा ओटा नवा केला. फोटो फेसबुकवर टाकला. सगळ्यांनी बदाम, फुलं, टाळ्या पाठवल्या. तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाईंनी लिहिलं — "छान. शोभतो." बस. ना एखादं फूल, ना हसरा चेहरा.

आता तूच सांग, कमेंटमध्ये पूर्णविराम कोण देते आजकाल? रागावलेला माणूस! मले ते टिंब तोंडावर दार लोटल्यावानी लागलं. शोभतो म्हणजे? आमच्या ऐपतीले शोभतो? मग त्यांच्या जुन्या कमेंटा उकरत बसली. माझ्या पोट्टीच्या वाढदिवसाले "आशीर्वाद." माझ्या पैठणीले "बरी दिसते." जिथं टिंब, तिथं मले टोमणा दिसे.

स्क्रीनशॉट सासूबाईले दाखवला. त्यांले टिंबातलं काय समजते? मीच समजावलं — असं लिहिलं म्हणजे नाक मुरडलं समजा. पोट्टी मधेच तिच्या शाळेतल्या हिंदीत बोलली, "मम्मी, बड़ी मम्मी तो सबको ऐसेच लिखती हैं." तिले मी गप्प बसवलं.

राखीच्या दिवशी जाऊबाईंनी नातवाचा फोटो पाहायले आपला मोबाईल माझ्या हातात दिला. फोटोच्या वर त्यांनी स्वतःच्या लेकीले लिहिलेलं होतं — "जेवलीस का. जप स्वतःला. माझी सोनी ती." सगळीकडे तेच टिंब! जन्मभर ऑफिसात टायपिंग केलेली बाई. वाक्य संपलं की बोट आपोआप तिथं जाणार. मले त्याच क्षणी समजलं. खोटं कशाले बोलू — लख्ख समजलं.

मग काहून बोलली नाही?

तोवर सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं — जिच्या मनात आकस, तिच्या घरी महालक्ष्म्या नकोत. भादव्यात यंदा धाकटीकडे बसतील. आमच्यात ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे थोरल्या सुनेकडेच असतात. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या घरी जाऊन सोळा भाज्या चिरत आली. आणि मले त्या माझ्या घरी हव्या होत्या. हो, हव्या होत्या! एक शब्द बोलली असती तर गेल्या असत्या. चूप बसली.

जाऊबाईंनी मुखवटे मऊ साडीत गुंडाळून स्वतः आणून दिले. आंबीलही त्यांनीच केली, माझ्या नव्या ओट्यावर. निघताना हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

"नाही जी, काहीतरीच काय तुमचं," मी म्हटलं.

पुढं कोणीतरी त्यांले टिंबाचं सांगितलंच असेल. आता त्या पूर्णविराम देत नाहीत. काल माझ्या फोटोखाली "छान" लिहिलं आणि पुढे ओळभर फुलं, जोडलेले हात, हसरे चेहरे — माझ्याच धाकानं लावलेले. आणि मी? सगळं माहीत असून चष्मा लावून एकेक चेहरा निरखत बसली, यातला खोटा कोणता म्हणून.

मुखवटे अजून माझ्याच कपाटात आहेत.