साडेचार ताऱ्यांखाली जेवायचं नाही

"थांबा, कोणी हात लावू नका," असं म्हणत काका खुर्चीतून अर्धवट उठायचे आणि टेबलावरच्या प्रत्येक पदार्थाचा फोटो काढायचे. आधी वरून, मग तिरका, मग अगदी जवळून. तोवर डोसा मऊ पडायचा, पुरीतली हवा जायची आणि आमच्या मुलांचे चेहरे फोटोत न घेण्यासारखे व्हायचे.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमचा जरा वरच्या दर्जाचा होता. अमेरिकेतल्या फ्रीमाँटमध्ये त्यांच्या आणि आमच्या टाउनहाउसला एक भिंत सामायिक होती. काका मूळचे नागपूरचे, वय साठीच्या आसपास. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याची. ऑफिसातली उरलेली शक्ती ते हॉटेलांवर खर्च करत. फोनवरच्या नकाशावर त्यांचे रिव्ह्यू शेकड्यांनी होते आणि नावापुढे कसलासा बिल्ला होता. तो बिल्ला त्यांनी आम्हाला इतक्या वेळा दाखवला होता, की माझ्या धाकट्या मुलाला वाटायचं काका पोलिसांत आहेत.

त्यांचा नियम एकच. "साडेचार ताऱ्यांखाली जेवायचं नाही." चार पूर्णांक चारवालं हॉटेल रस्त्यात आलं तर ते गाडीचा वेगसुद्धा कमी करत नसत.

आम्ही हसायचो, पण विचारायचोही त्यांनाच. कोणाचं बारसं असो, पन्नाशी असो, आधी फोन काकांना. ते लिहायचे: "इडली एकसारख्या आकाराची. चटणी ताजी. कर्मचारी हसतमुख. पार्किंग पुरेसं." एवढं वाचून सत्तर माणसं त्या हॉटेलात जायची आणि जेवून आल्यावर सांगायची, की चटणी खरंच ताजी होती.

त्यांच्या शब्दाला किती वजन होतं ते मावशींना विचारा. या मावशी आमच्याच वस्तीत घरून मोदक, पुरणपोळ्या करून देत. एका गणपतीत त्यांच्या मोदकांबद्दल काकांनी लिहिलं: "सारणाला खवट वास. निराशा झाली." दोन तारे. त्यानंतर मावशींकडे कोणी ऑर्डर दिली नाही. मीसुद्धा नाही. दिवाळीपर्यंत त्यांनी काम बंद केलं आणि आम्ही सगळे अठ्ठेचाळीस मैलांवरच्या एका बाईंकडून फ्रोजन मोदक आणू लागलो. त्यांना चार पूर्णांक सात होते.

तर अशा काकांबरोबर आम्ही मोरोक्कोत फेझला गेलो. ते, काकू, मी आणि माझा नवरा. मुलं कॉलेजात पोचली होती, सुट्टी जुळत होती आणि काका म्हणाले, "खाण्याची जबाबदारी माझी." निघण्याच्या तीन महिने आधी त्यांनी एक एक्सेल शीट पाठवली. सहा दिवस, अठरा जेवणं, प्रत्येकासमोर तारे. पाचव्या दिवशी संध्याकाळी चार वाजता मला संत्र्याचा रस प्यायचा होता, हे मला फ्रीमाँटमध्येच कळलं.

पहिलं जेवण एका गच्चीवरच्या रेस्टॉरंटात होतं. चार पूर्णांक नऊ. खाली जुन्या शहराची छपरं, दूरवर डोंगर, आणि शेजारच्या टेबलावर सॅन होजेचं एक जोडपं. त्यांच्या पलीकडे टेक्ससमधल्या शुगर लँडहून आलेलं एक डॉक्टर कुटुंब. सगळ्यांच्या फोनवर तोच नकाशा, सगळ्यांसमोर तेच गाजर-बटाट्याचं ताजीन. म्हणजे निमुळत्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेली भाजी. मोरोक्कोचा माणूस तिथे एकच होता, आणि तो वाढत होता.

शेवटी पुदिन्याचा चहा आला. वेटरने किटली डोक्याएवढी उंच नेऊन चहाची बारीक धार ग्लासात सोडली. काकांना व्हिडिओ हवा होता. पहिल्या वेळी फोन उलटा होता, दुसऱ्या वेळी मध्ये माझ्या नवऱ्याचं कोपर आलं. तिसऱ्यांदा ओतलेला चहा आम्ही गार प्यायलो. काकांनी तिथल्या तिथे लिहिलं: "पुदिन्याच्या सुगंधाने मन प्रसन्न." वेटरने बिलाबरोबर स्वतःचा फोन पुढे केला आणि म्हणाला, "फाइव्ह स्टार, प्लीज." मला वाटतं, अख्ख्या गच्चीवर एकमेकांना पूर्णपणे ओळखणारे ते दोघेच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चामडं कमावायची जागा बघायला गेलो. खाली अंगणात दगडी हौद, त्यांत भिजणारी कातडी, आणि चामड्याच्या दुकानाच्या सज्ज्यातून ते बघणारे आपण. तिथल्या वासाचं वर्णन करणार नाही, तुम्ही कदाचित जेवायला बसणार असाल. दुकानदार दारातच प्रत्येकाच्या हातात पुदिन्याची जुडी देतो, ती नाकाशी धरून वर चढायचं. माझ्या नवऱ्याने तर दोन घेतल्या. काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

काका मात्र कठड्यावरून ओणवे होऊन शांतपणे फोटो काढत होते. जुडी शर्टाच्या खिशात.

"काका, नाकाला लावा ना," मी म्हटलं.

"अं? हो हो," असं म्हणून त्यांनी घाईघाईने जुडी काढून नाकाशी धरली. पण माझ्याकडे बघितल्यावर. मला वाटलं, नागपूरच्या मे महिन्यात वाढलेला माणूस, काहीही सोसेल.

तिथून दुपारच्या जेवणाची जागा चालत अकरा मिनिटांवर होती, असं नकाशाचं म्हणणं. त्या शहराच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून गाढव आलं तर आपण भिंतीला चिकटायचं. फोनवरचा निळा ठिपका कधी घरांच्या छपरावर, कधी मशिदीच्या आत उडी मारायचा. पन्नास मिनिटं फिरून आम्ही तिसऱ्यांदा त्याच खिळ्यांच्या दुकानासमोर आलो. दुकानदाराने आता आम्हाला ओळखीचं हसून दाखवलं.

समोरच एक बोळकांडीसारखं दुकान होतं. दारात तिरका ठेवलेला मोठा मडक्यासारखा हंडा, मागे एक म्हातारा, आत दोन बाकं. हमाल आणि शिंपी वाडग्यांत पाव बुडवून खात होते.

"आपण इथे बसू," माझा नवरा म्हणाला.

"अरे, याचं नावच नाही नकाशावर," काका म्हणाले. "रिव्ह्यू शून्य. शून्य म्हणजे वाईट नाही, शून्य म्हणजे माहितीच नाही."

"काका, मला माहिती नको, जेवण हवंय," असं म्हणून नवरा आत जाऊन बसलासुद्धा.

म्हाताऱ्याने चार वाडगे आणले. या पदार्थाला तिथे बिसारा म्हणतात. वालासारख्या मोठ्या दाण्यांचं, पातळ पिठल्याच्या वळणाचं गरम सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिऱ्याची पूड. बाकावर वाटीत मीठ आणि लाल तिखट. मी पहिला घास घेतला. इतकं साधं आणि इतकं चांगलं मी कितीतरी दिवसांत खाल्लं नव्हतं.

काकांनी फोटो काढला, तिखटाचे चार चमचे वाडग्यात ओतले, खाल्लं, आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळले. "कसं वाटतंय तुला?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते हे नेहमीच विचारतात. सगळ्यांना विचारतात आणि मग लिहितात. मला तो काकांचा नम्रपणा वाटायचा.

"आज तुम्ही सांगा आधी," मी म्हटलं. चेष्टाच करायची होती मला.

काका वाडग्यात बघत राहिले. तिखटाने कपाळावर घाम आला होता. "छान आहे. म्हणजे, दाट आहे. गरम आहे."

"आणि चव?"

त्यांनी आणखी एक चमचा तिखट घेतलं. काकूंनी पावाचा तुकडा खाली ठेवला. "अहो, सांगा आता," त्या हळूच म्हणाल्या.

काकांनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. "तुला माहीत आहे?"

"दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर झाला, आणि तुम्ही तिथेच बसून पेपर वाचत होतात. पाच वर्षं झाली त्याला. मी वाट बघत होते तुम्ही कधी बोलताय त्याची."

मग काकांनी सांगितलं. कोविडमध्ये वास गेला तो परत आलाच नाही. खारट, गोड, आंबट एवढं कळतं आणि तिखट झोंबतं. बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पहिल्या वर्षी रोज सकाळी लवंग, लिंबू, कॉफी हुंगून बघायचे, बाथरूमचं दार लावून.

"पण मग रिव्ह्यू कशाला लिहीत राहिलात?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"लोक विचारायचे ना. आधीपासून विचारायचे. मला नुसत्या वासावरून रश्श्यातला मसाला ओळखता यायचा, हिला विचार. त्यावरच तर ओळख होती माझी. वास येत नाही म्हटलं असतं तर फोन कोणी केला असता?"

खरं तर मी इथे गप्प बसायला हवं होतं. पण डोक्यात आलं ते तोंडातून गेलं. "मग मावशींच्या मोदकांना खवट वास येतोय, हे कसं कळलं तुम्हाला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, थोडं आश्चर्य होतं. "तूच म्हणालीस की."

मी म्हटलं होतं. मंडळाच्या हॉलमध्ये, ताटं वाढताना. माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, "खवट लागतात गं," आणि मी काकांना म्हटलं, "जरा खवटच वास आहे ना?" मी तो मोदक खाल्लाच नव्हता. त्या महिन्यात माझं डाएट चालू होतं. ते डबे सकाळपासून कोणाच्या तरी गाडीच्या डिकीत उन्हात पडून होते, हे तर मला नंतर कळलं, आणि कळल्यावरही मी कोणाला सांगितलं नाही.

बिसाराचे पैसे माझ्या नवऱ्याने दिले. म्हाताऱ्याने आमच्याकडे काही मागितलं नाही. त्याच्याकडे बहुधा फोनच नव्हता.

उरलेली शीट काकांनी उघडली नाही. घरी परतल्यावर पहिल्याच शनिवारी ते दारात उभे. "मावशींकडे जायचंय. येतेस? एकट्याने जमत नाहीये."

मावशींनी दार अर्धं उघडलं आणि आम्हाला बघून तसंच धरून ठेवलं. या म्हणाल्या नाहीत.

"मला वास येत नाही, पाच वर्षं झाली," काका उभ्या उभ्या म्हणाले. "तुमच्या मोदकांबद्दल लिहिलं तेव्हाही येत नव्हता."

"मग लिहिलंत कसं?"

"लोक म्हणाले म्हणून."

"कोण लोक?"

काका खाली बघत म्हणाले, "आता आठवत नाही." त्यांना लख्ख आठवत होतं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला तिथून रस्त्यापर्यंतचं अंतर आजही पावलांत सांगता येईल.

"मी म्हणाले होते, मावशी," मी म्हटलं.

"तू खाल्ला होतास?"

"नाही."

मावशींनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "म्हणजे एकाने खाल्ला त्याला कळलं नाही, आणि जिला कळलं तिने खाल्ला नाही." मग दार पूर्ण उघडलं. "बसा. चहा करते. मोदक मात्र मागू नका."

त्या संध्याकाळी काकांनी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. मावशींचं, स्वतःच्या नाकाचं. त्यात आमच्यापैकी कोणाचं नाव नव्हतं. आणि मग जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. ज्या हॉटेलांत आम्ही बोटं चाटून जेवलो होतो, ती सगळी एका रात्रीत वाईट झाली. "मला तेव्हाच वाटलं होतं, त्या छोल्यांत दम नव्हता," असं ज्यांनी लिहिलं, त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत ते छोले तिसऱ्यांदा वाढून घेतले होते. एकाने तर काकांवर फसवणुकीचा आरोप केला. त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचं हॉटेल काकांनी सुचवलेलं होतं आणि तो अजून दर रविवारी तिथेच जातो.

मावशींनी काम पुन्हा सुरू केलं, पण फक्त चार घरांपुरतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू." दोन वर्षं झाली, त्या अजून बघतायत. काकांना मात्र त्या अधूनमधून चकल्या पाठवायच्या. "यांना निदान आवाज तरी येईल," म्हणायच्या.

गेल्या उन्हाळ्यात काका-काकू मुलीजवळ राहायला ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला गेले. आता भिंतीपलीकडे एक तरुण जोडपं आहे. त्यांना आम्ही विचारत नाही आणि ते आम्हाला विचारत नाहीत.

पण संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले, की आठवड्यातून एकदा तरी काकांचा फोन येतो. हवापाणी होतं, ह्यूस्टनच्या उकाड्याला नावं ठेवून होतात. मग ते विचारतात, "काय करतेयस आज?"

मी फोन ओट्यावर ठेवते आणि सांगते. आता तेल तापलंय. मोहरी टाकली. आता हिंग, त्याचा वास आधी उग्र येतो आणि मग मऊ होतो. आता लसूण, अजून कच्चा आहे, कडेने लाल व्हायला लागलाय.

पलीकडून काही आवाज येत नाही. फोन कटला असेल असं वाटून मी थांबते.

"ऐकतोय," काका म्हणतात. "सावकाश सांग."