आमच्या बांध्यांवरची तार

मूलच्या पुढे जंगलाला लागून असलेली साडेतीन एकर धानाची जमीन मी आणि माझ्या मित्राने अर्ध्या-अर्ध्या हिश्श्याने घेतली. आम्ही शाळेपासूनचे सोबती. तो बल्लारपूरला नोकरीत, मी चंद्रपुरात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर. कागद बघायचे काम माझ्याकडे होते. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, विकणारा बिगर आदिवासी असल्याचा पुरावा, सगळे मी बातमी तपासावी तसे तपासले. जमिनीची वाटणी केली नाही. दोघांची नावे सातबाऱ्यावर एकाखाली एक आली.

एक प्रश्न मात्र विचारायचा राहिला. पिकायला बेताच्या, गावाच्या टोकाला असलेल्या या तुकड्यासाठी गावातलीच आणखी दोन गिऱ्हाइके का धडपडत होती?

एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला बोडी, म्हणजे गावचे लहान तळे. मधे आमच्या अकरा बांध्या, बांधांनी अडवलेली धानाची लहान-लहान वावरे. मला ती जागा निवांत वाटली होती. जंगलातल्या जनावरांना पाण्यावर यायला दुसरी वाट नाही, हे माझ्या लक्षात आले नाही. गावात ते सगळ्यांना ठाऊक होते. मित्रालाही होते.

जमीन आम्ही गावातल्याच एका बाईंना बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिली. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या. धान त्या करायच्या आणि बोडीत मासेही धरायच्या. मित्र महिन्यातून दोनदा तरी गावाला जाई. कधी रविवारी येताना पळसाच्या पानात बांधलेले मटण माझ्या घरी देऊन जाई. गावठी बोकड आहे म्हणायचा. आम्ही ते तीन-चारदा खाल्ले.

धान लोंबीवर आला तेव्हा मी एका लग्नासाठी गडचिरोलीला गेलो होतो. परतताना कोणाला न कळवता सकाळी जमिनीवर थांबलो. ऊन चढू लागले होते. बाई फावडे घेऊन बांधाबाहेर उभ्या होत्या. मी राम राम म्हणून आत पाय टाकणार, तोच त्यांनी माझा दंड धरून मागे ओढले.

"थांबा भाऊ. शिट्टी नाई झाली अजून."

"कसली शिट्टी?"

त्यांनी फावड्याच्या दांड्याने गवत बाजूला केले. बांधाच्या कडेने वीतभर उंचीच्या बांबूच्या खुंट्या होत्या आणि त्यांवरून बारीक तार गेली होती. ती वरच्या विजेच्या लाइनपर्यंत कशी जाते, आकडा कसा टाकतात, हे मला सांगायची गरज नव्हती. तारेला चिकटून मेलेल्या माणसांच्या आणि जनावरांच्या बातम्या मी अनेकदा संपादित केल्या होत्या. 'शेतमालकावर गुन्हा' हे शब्द मथळ्यात बसवले होते.

बोडीच्या बाजूने दोन लांब शिट्ट्या आल्या. बाई लगेच आत उतरल्या. शेजारच्या वावराचा मालक काढलेल्या आकड्याची तार गुंडाळत आमच्याकडे आला, मला पाहून हसला आणि म्हणाला, "आज काईच नाई लागलं, भाऊ. खाली हातच जा लागते तुमाले."

तो गेल्यावर मी बाईंना विचारले, हे किती दिवसांपासून चालू आहे.

"तुमी जमीन घेतली तवापासून. आधीचा मालक भेत होता, लावू देत नोता. काऊन, तुमाले माहीत नाई?"

"नाही."

"तुमच्या घरी वाटा येत नाई का मंग?"

त्यांनी रीत सांगितली. खुंट्या ठोकणाऱ्याचा एक वाटा, आकडा टाकणाऱ्याचा एक आणि जनावर ज्याच्या बांधीत पडले त्या जमिनीचा एक. आमची जमीन दोघांची म्हणून गावाने जमिनीचे दोन वाटे धरले होते. बाईंचाही अर्धा होता. पळसाच्या पानातले ते मटण आठवून मी बांधावर बसलो.

"आणि शिट्टी वाजवायची राहिली तर?"

"आजवर राह्यली नाई," त्या म्हणाल्या आणि पाण्याची मोरी साफ करायला लागल्या.

मी तिथूनच मित्राला फोन लावला.

"डुक्कर आहे बे," तो म्हणाला. "धान खाऊन राह्यले ते. वाघ थोडी मारून राह्यलो आम्ही?"

"बाई रोज सकाळी त्यात उतरतात."

"तिले सगळं ठाऊक आहे. तुलेच टेन्शन. बरं, असं कर, तुझ्या हिश्श्यात नाई लावत. खुश?"

माझा हिस्सा कुठून सुरू होतो, हे त्यालाही सांगता आले नसते. मी म्हटले, सगळी तार काढ. तो म्हणाला, येत्या रविवारपर्यंत काढतो. मी बरे म्हटले. वीस वर्षांची दोस्ती होती. मी चंद्रपूरला परतलो आणि रात्रपाळीला बसलो.

रविवारी आम्ही दोघे गेलो. काढून टाकली, असे त्याने गाडीतच सांगितले होते. मी बाईंना म्हटले, आता शिट्टीची वाट बघू नका, तार नाही.

"तुमी पाह्यलं का सोता?"

मी पाहिले नव्हते. त्या बांधाबाहेरून हलेनात. मित्र हसला. "बाई, तुमाले मारून आमाले काय भेटन?"

"मले मारासाठी कोण लावते? तरी मरतेच ना मानूस."

मी बांधाने चालायला लागलो. बाई दहा पावले मागे. पहिल्या सात बांध्यांवर खुंट्यांची भोके तेवढी उरली होती. आठव्या बांधीपासून बोडीपर्यंत तार तशीच होती, गवतात, नवीन. त्या क्षणी आकडा नव्हता, हे मला लाइनकडे बघून कळले, तारेकडे बघून नाही.

मी मित्राकडे पाहिले. "एवढी राहू दे," तो म्हणाला. "ही माझ्याकडची बाजू समज."

मी वन विभागाला फोन केला. फोन लावत असताना त्याने एकदाच विचारले, "तुझं नाव बी आहे सातबाऱ्यावर, समजून राह्यलं ना तुले?" मी हो म्हटले. तो गाडीत जाऊन बसला.

दुपारी वनरक्षक आला. त्याने खुंट्या मोजल्या, तार जप्त केली, फोटो काढले आणि बांधावर बसून पंचनामा लिहायला घेतला. मालक कोण, म्हणून विचारले. मी दोन्ही नावे सांगितली.

"तार लावली आहे हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"आठ दिवस झाले."

त्याने लिहिणे थांबवले. "आठ दिवसांत इथं कोणी उतरत होतं?"

मी बाईंकडे बोट दाखवले. त्या मोरीपाशी उभ्या होत्या.

"रोज," त्या म्हणाल्या.

वनरक्षकाने तेही लिहून घेतले.