बोकडाचा वेग

"यंत्र कधी घाई करत नाही, घाई माणूस करतो," असं तो एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाला होता.

गिऱ्हाईक बोटीवर नोकरी करणारा होता. दुकानात मांडलेला व्हिडिओ गेम तो परदेशातही कुठेतरी खेळून आला होता आणि इथला गेम जरा सुस्त चालतो अशी त्याची तक्रार होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने तापलेलं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि वरचं वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं. दुकानातली झाडून सगळी माणसं हसली. बोटीवाला खाली मान घालून निघून गेला आणि ते वाक्य गल्लीभर झालं. कुणाचा चहा उतू गेला, कुणी जिन्यावरून घसरलं, तरी लोक तेच ऐकवायचे.

दुरुस्तीवाल्याच्या लेकीने ही गोष्ट लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की त्या बोटीवाल्याचा चेहरा आपण पाहिलाच आहे असं तिला वाटायचं.

गल्ली या दुरुस्तीवाल्याला खरखरे म्हणायची. हे काही त्याचं आडनाव नव्हतं. कुठलाही रेडिओ, टीव्ही, टेपरेकॉर्डर काउंटरवर आला की त्याचा पहिला प्रश्न असायचा, "खरखर आहे का?" पुढे पुढे पोस्टमनही पत्रं खरखरे म्हणूनच आणून द्यायला लागला. दोन माणसं बसली तर तिसऱ्याने दम धरून उभं राहावं, एवढंच दुकान. मागच्या फळीवर उघडी पोटं घेऊन पडलेले रेडिओ. तो उपकरण उघडायच्या आधी त्याचा वास घ्यायचा. डोळे मिटून, नाक जाळीला लावून. "रेझिस्टर जळलाय," म्हणायचा, आणि तो जळलेलाच असायचा. माणसांच्या बाबतीत मात्र त्याला कसलाच वास यायचा नाही. बायको दोन महिने रुसून होती हे त्याला ती हसायला लागल्यावर कळलं, असं त्याची थोरली बहीण सांगायची.

ही थोरली बहीण म्हणजे अक्का. लेकीची आत्या. तीस वर्षांपूर्वी ती एक ट्रंक आणि एक शिवणयंत्र घेऊन नवऱ्याच्या घरून निघून आली, ती भावाकडेच राहिली. का आली, हे तिने सांगितलं नाही आणि भावाने विचारलं नाही. शाळेचे गणवेश शिवायला घेतले. तिची काजं अशी, की दुसरे शिंपीसुद्धा शर्ट उलटा करून बघायचे. त्याच वर्षी भावाने दुकानात जुना व्हिडिओ गेम आणून काळ्यापांढऱ्या टीव्हीला जोडला. गेमचं नाव कुणाला वाचता येत नव्हतं. त्यात एक बोकड कड्यांवरून उड्या मारत जायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव बोकड ठेवलं. तिसऱ्या पायरीवर फळ्यांचा एक पूल होता. बोकड पाय ठेवील तशा फळ्या निखळायच्या, गळ्यातली घंटा वाजायची, आणि चौथ्या ठोक्याला उडी घ्यावी लागायची. भल्याभल्यांची तिथे दांडी उडायची. अक्का दुपारी धाग्याचं रीळ आणायला म्हणून बाहेर पडायची आणि दुकानात टेकायची. "एक, दोन, तीन, आणि," असं पुटपुटत तिने एका दुपारी तो पूल ओलांडला. महिनाभरात सगळा गेम संपवला. गल्लीत एकटीनेच. पुढे गेम बंद पडला, दुकानही बंद झालं, पण अक्काचा तो मान कायम राहिला. टक्कल पडलेले गृहस्थ तिला रस्त्यात थांबवून विचारायचे, "अक्का, त्या पुलाचं गुपित काय हो?"

यंदा अक्काला अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं परतलं, पाय परतला, उजवा हात मागे राहिला. फिजिओवाली बाई दिवसाआड यायची, रबरी चेंडू दाबायला लावायची. जाताना तिने लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, "हातात जोर आहे. पण त्या स्वतः मनावर घेत नाहीत. हाताला आवडेल असं काहीतरी द्या. चेंडू कुणालाच आवडत नाही."

लेक लिफ्टची कंट्रोल पॅनेलं तपासायचं काम करायची. कामावरच्या एकाकडून तिला एका नव्या डब्याचा पत्ता लागला. वहीएवढा काळा डबा, टीव्हीला जोडला की जुने गेम चालवणारा. वडिलांनी तो हातात घेतला आणि आधी हुंगला.

"कसलाच वास नाही," ते म्हणाले. "आत जुन्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम असेल."

"नाही अण्णा. एक कोरी चिप असते. तिच्या आतल्या वाटा हव्या तशा जोडता येतात. तुमच्या त्या मशीनच्या चिपा आतून जशा होत्या, अगदी तशाच या जोडल्यात. तारेला तार."

"म्हणजे सर्किट आहे, पण सोल्डर नाही?"

"नाही."

"मग बिघडलं तर माणसाने चटका द्यायचा कुठे?"

ते नाराज झाल्यासारखे बोलले, पण संध्याकाळपर्यंत डबा त्यांच्याच मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला खुर्चीत बसवलं. डब्यातून सूर सुरू झाला, बोकड पडद्यावर आला. "अगं बाई, हा तर तांबडा आहे!" अक्का ओरडली. तीस वर्षांनी तिला त्याचा रंग कळला होता. पहिल्या दोन पायऱ्या धडपडत पार पडल्या. मग पूल आला. "एक, दोन, तीन, आणि," अक्का म्हणाली. तिचा अंगठा दाबला गेला, लेकीने स्वतः पाहिला. बोकड तोवर दरीत होता.

सात वेळा तेच. आठव्यांदा तिने कंट्रोलर मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला.

"हात गेला," अक्का म्हणाली. चहापत्ती संपली म्हणावं तसं.

"आत्या, पहिलाच दिवस आहे."

"पहिला कसला? हा पूल मी झोपेत ओलांडायचे. डोकं सांगतंय, हात ऐकत नाही. मला कळतं गं."

त्या दिवसापासून तिने चेंडू दाबणं सोडलं. फिजिओवाली आली की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बुधवारी तिने शेजारणीला बोलावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "रविवारी येऊन शिवणयंत्र घेऊन जा. तुझी सून शिवते ना? गंजण्यापेक्षा बरं."

यंत्र गेलं की हात उरणार नाही, हे कळायला लेकीला कुठल्या डॉक्टरची गरज नव्हती.

वडिलांचं वागणं त्याहून चमत्कारिक होतं. आधी त्यांनी दोष कंट्रोलरवर ढकलला. पत्र्याच्या पेटीतून जुना, चिकटपट्टी गुंडाळलेला कंट्रोलर शोधला, दुपारभर बसून त्याच्या तारा नव्या डब्याला जोडल्या. अक्का खेळली, बोकड पडला. मग टीव्ही बदलून पाहिला. बोकड पडला.

"तू कशाला जिवाचा आटापिटा करतोस?" अक्का म्हणाली. "हात माझा गेलाय, तुझा नाही."

शुक्रवारी लेक कामावरून लवकर आली, तर अक्का झोपलेली आणि अण्णा टीव्हीसमोर मनगटी घड्याळ काढून बसलेले. पडद्यावर बोकड जागच्या जागी उभा. ते गेमचा सूर ऐकत होते आणि स्वतः तोच सूर गुणगुणत होते. पण त्यांचा सूर खालचा होता, आणि डब्याच्या मागे मागे रेंगाळत होता. ते नेहमी बेसूर गात, म्हणून तिला त्यात काही वाटलं नाही. तिची चाहूल लागताच त्यांनी टीव्ही बंद केला.

"काय बघत होतात?"

"काही नाही," ते म्हणाले. मग बराच वेळ घड्याळाला किल्ली देत राहिले. ते घड्याळ सेलवर चालणारं होतं.

शनिवारी सकाळी अण्णा अक्काच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले. लेक दारात उभी होती. ती निघाली तर म्हणाले, "थांब, तूही ऐक."

"अक्का, तुझा हात बरोबर आहे. गेम चुकला होता."

"हा चुकलाय?" अक्काने मान वळवली. "ही पोरगी तर म्हणते, तारेला तार आहे."

"हा बरोबर आहे. माझा चुकीचा होता."

मग ते भराभर बोलत सुटले, पाठ केलेलं विसरायच्या आत म्हणून टाकावं तसे. मशीन जुन्या बाजारातून आणलं तेव्हा त्यातला क्रिस्टल मेला होता. नखाएवढी डबी, पण सगळ्या मशीनचा ठेका तीच धरते. खरा मागवला तर महिना लागणार होता आणि पोरं दारात उभी होती. म्हणून भंगारातल्या एका बोर्डावरून आकड्याने जवळचा दिसला तो काढून बसवला. गेम बाराव्या हिश्शाने हळू झाला. चित्र पळायला लागलं, ते टीव्हीच्या बटणांनी धरून ठेवलं. रंग येईनात, पण त्या टीव्हीत रंग होते कुठे?

"महिनाभराने खरा क्रिस्टल आला," ते म्हणाले.

"मग बसवला का नाहीस?"

"तोवर तू पूल ओलांडला होतास."

अक्का डाव्या कोपरावर रेलून अर्धवट उठली.

"तू आल्यापासून हसली नव्हतीस," अण्णा स्टुलाच्या पायाकडे बघत म्हणाले. "त्या दिवशी इतकी हसलीस की पार ठसका लागला. मी आत जाऊन पाणी आणलं. तो क्रिस्टल नंतर कुठल्या डबीत टाकला, आठवत नाही."

"आणि तो बोटीवाला?" लेकीने विचारलं.

"त्याचं बरोबर होतं. भर दुकानात झापला मी त्याला."

"म्हणजे," अक्का सावकाश म्हणाली, "तीस वर्षं मी लंगड्या बोकडाच्या जिवावर मिरवतेय."

"लंगडा नाही गं. जरा निवांत."

"चूप बस, गाढवा!"

लेकीला हसू फुटलं. "तू दात काढू नकोस," अक्का तिच्यावर उखडली. "तुझाच डबा आहे. मेला आला आणि अब्रू घेऊन गेला." आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पण फिरवताना चादर ओढली ती उजव्या हाताने. ते तिघांपैकी फक्त लेकीने पाहिलं.

दुपारी लेकीने कॉम्प्युटर उघडला. डब्यातल्या चिपेच्या वाटांचा नकाशा लिहिणाऱ्याने तो सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. त्यात ठेका धरणाऱ्या घड्याळाचा आकडा बदलायचा आणि नकाशा पुन्हा बांधून घ्यायचा. अण्णा पाठीमागे येऊन उभे राहिले.

"बाराव्या हिश्शाने म्हणजे नेमका किती ठेवू?"

"एकोणीस पॉइंट सहा सहा शून्य आठ मेगाहर्ट्झ," ते म्हणाले.

तिने वळून पाहिलं. दोन महिन्यांचा रुसवा ज्याला कळला नव्हता, त्या माणसाने हा आकडा तीस वर्षं कुठे ठेवला असेल, हे तिला कळेना. कॉम्प्युटर दोन तास रवंथ करत बसला. अण्णा दोन्ही तास शेजारी बसले. एकदा उठून त्यांनी कॉम्प्युटरची मागची जाळी हुंगली आणि पुन्हा बसले.

रविवारी सकाळी अक्का खुर्चीत यायलाच तयार नव्हती. "मला खोटं जिंकायचं नाही," ती म्हणाली.

"जिंकू नकोस," लेक म्हणाली. "हात आहे की नाही, एवढंच बघू. मग दे शिवणाचं मशीन कुणालाही."

सूर सुरू झाला, खालचा, ओढलेला. अक्काने डोळे मिटले आणि उघडले. पहिल्यांदा बोकड पुलाच्या टोकाला पडला. दुसऱ्यांदा उडी लवकर झाली. शेजारीण याच वेळी दारात आली, बरोबर टेम्पोवाला. "अक्का, मशीन न्यायला..." लेकीने तिला हातानेच थांबवलं.

"एक," अक्का म्हणाली. "दोन. तीन. आणि..."

अंगठा खाली गेला. शेवटची फळी निखळली आणि बोकड पलीकडच्या कड्यावर उभा होता.

शेजारणीने टाळ्या वाजवल्या. तिच्या मागे टेम्पोवाल्यानेही वाजवल्या, कशासाठी ते न कळताच. अक्काने कंट्रोलर खाली ठेवला, उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"मशीन कुठे जात नाही," ती शेजारणीला म्हणाली. "चहा घेऊन जा. त्या टेम्पोवाल्यालाही आत घे, बिचारा उन्हात उभा आहे."

अण्णा भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे ओठ अजून ठोके मोजत होते.

"पोरी," अक्का म्हणाली, "आता खरा वेग लाव."

"आत्या, हा नीट चाललाय की. हळूहळू वाढवू."

"हा त्याचा आहे." तिने भावाकडे न बघता मान त्याच्या बाजूला हलवली. "चांगला आहे, गोड आहे. तीस वर्षं त्यावर मिरवले. आता मला बोकडाचा दाखव. तांबडा आहे तो, मला कुठे माहीत होतं!"

लेकीने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी नजर दिली नाही. तिने खऱ्या वेगाचा नकाशा चढवला. सूर वर चढला, बोकड उधळल्यासारखा निघाला आणि पहिल्याच कड्यावरून कोसळला. अक्काने त्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि खुर्चीत पुढे सरकून बसली. उजव्या अंगठ्याने बटण दाबून गेम पुन्हा सुरू केला.

खरखरे भिंतीपासून सुटा झाला. टेम्पोवाल्याच्या बाजूने वाट काढत दाराशी गेला, चपला चाचपडत पायात सरकवल्या आणि आता कुणालाच नको असलेल्या आपल्या संथ ठेक्यात ठोके मोजत बाहेर पडला.