उतरलेली बॅटरी
बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावलं की त्या वासासरशी मला आमचं पोशीरचं अंगण आठवतं. बाबांचा गुडघा धरल्यापासून त्यांना जुन्या मोटरसायकलला किक मारता येत नव्हती, म्हणून रोज सकाळी आई मागून धक्का द्यायची आणि उताराला लागली की गाडी सुरू व्हायची. मला ते बघवेना. कशेळ्याच्या गॅरेजात जाऊन मी मोठी बॅटरी आणि सेल्फ बसवून आणला. पहिल्या दिवशी बटण दाबताच गाडी सुरू झाली. ओले हात पुसत आलेली आई दारातच थांबली, "आता माजं काय काम नाय," म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी बाबा गाडीवर बसून ओरडले, "अगं ए, धक्का दे गं जरा, बॅटरी उतरली बग!" मी काही बोलणार, तोच वाटेतल्या कोंबड्या हाकलायला त्यांनी सवयीनं हॉर्न दाबला आणि तो अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा खणखणीत वाजला. आईनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, पदर खोचला आणि धक्का द्यायला धावली. ती गाडी आता मी चालवतो. अजूनही एकदा मागे वळून बघितल्याशिवाय बटण दाबवत नाही.