काही न मागणारी वारस

भोपाळच्या तुलसी नगरात सरकारी क्वार्टरमध्ये उभं आयुष्य काढलेल्या मंजूषा कोरान्नेंना वाचनाचं वेड वगैरे अजिबात नव्हतं. दिवसभर ऑफिसात फायली वाचायच्या आणि घरी येऊन पुन्हा अक्षरंच बघायची, एवढ्या काही त्या वाया गेलेल्या नव्हत्या. पण मे महिन्यात पुण्याची नात आली, जुई, आणि जाताना एक जाडजूड पुस्तक उशीखाली विसरून गेली. तिच्या वयाच्या पोरांसाठी लिहिलेली रहस्यकादंबरी. मुखपृष्ठावर अंधारातला बंगला आणि दारात पाठमोरी मुलगी. मंजूषाताईंनी ते पुस्तक आधी डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारलं. मग एका रविवारी भर दुपारी वीज गेली, मोबाइल मेला, आणि बाईंनी नाइलाजाने ते बाहेर ओढलं. तिथून पुढे जे झालं त्याला ते पुस्तकच जबाबदार.

गोष्ट अशी, की एका गरीब मुलीला दूरच्या एका म्हाताऱ्या बाईचा बंगला अचानक मिळतो. का मिळतो? तर ती म्हातारी सगळ्या नातेवाइकांची गुपचूप परीक्षा घेत असते. कुणाला बंद घड्याळ दे, कुणाला मुद्दाम खारट सूप वाढ, कुणाला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचार. बाकीचे भाचे-पुतणे बंगला मागत सुटतात आणि नापास होतात. ही पोर कधी काही मागत नाही. शेवटच्या पानावर बंगला तिचा.

मंजूषाताईंनी पुस्तक मिटलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वीज अजून आली नव्हती.

कारण त्यांच्याही आयुष्यात एक म्हातारी होती आणि त्या म्हातारीचं एक घर होतं. पराग कोरान्ने म्हणजे मंजूषाताईंचे यजमान, आणि त्यांच्या सख्ख्या काकू रत्नप्रभाबाई. वय चौऱ्याऐंशी, मूलबाळ नाही, काका जाऊन जमाना झालेला. कोलार रोडवर काकूंचा डुप्लेक्स होता. खाली हॉल, वर दोन खोल्या, मागे आंब्याचं झाड. आणि इकडे मंजूषाताईंची डिसेंबरात रिटायरमेंट होती, म्हणजे क्वार्टर खाली करणं आलं. परागरावांचा मंडीदीपचा कारखाना बंद पडल्यावर त्यांनी जे जे धंदे केले, त्यांत घर बांधायचं सोडा, होतं नव्हतं तेही गेलं. म्हातारपणी जायचं कुठे, हा प्रश्न रोज रात्री त्या दोघांच्या मधोमध झोपायला यायचा. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

"काकूंना सरळ विचार ना एकदा," परागराव एकदाच म्हणाले होते.

"विचारायचं? म्हणजे संपलंच," मंजूषाताई म्हणाल्या. त्यांनी पुस्तक वाचलं होतं, परागरावांनी नव्हतं.

झालं. त्यानंतर काकूंची प्रत्येक गोष्ट ही परीक्षा ठरली. काकूंनी भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ हातात दिलं, "बघ गं, चालू करून मिळेल का कुठे." मंजूषाताईंच्या अंगावर काटा आला. घड्याळ. थेट घड्याळ. न्यू मार्केटात तीन दुकानं पालथी घालून त्यांनी ते चालू करून आणलं. काकूंच्या आमटीत मीठ दुप्पट पडलं, तर मंजूषाताईंनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. काकूंनी एकाच दुपारी चारदा विचारलं, "जुई आता कितवीत?" मंजूषाताईंनी चारही वेळा तितक्याच गोडीने सांगितलं. आपण पास होतोय हे त्यांना आतून कळत होतं. काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, जिभेची चव गेली होती आणि विस्मरण सुरू झालं होतं, हे सगळ्या कोलार रोडला माहीत होतं. पण रहस्यकादंबरी वाचलेल्या माणसाला असल्या साध्या गोष्टी पटत नाहीत.

भाद्रपदात काकूंकडे महालक्ष्म्या बसायच्या. कोरान्न्यांचा कुळाचार, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पितळेचे मुखवटे, पत्र्याच्या कोठ्यांवर नेसवलेल्या साड्या, सोळा भाज्या, पुरणपोळी, घावन-घाटलं. अंतिम परीक्षा हीच, हे मंजूषाताईंनी मनाशी पक्कं केलं. रजा टाकली. तीन दिवस कंबरेला पदर खोचून त्या बाईने जे केलं, ते बघून देवीसुद्धा ओशाळल्या असतील. साड्यांच्या निऱ्या चापूनचोपून बसवल्या, पुरण स्वतः वाटलं, सवाष्णींना वाढलं, काकूंच्या पायांना तेल लावलं. घराबद्दल अवाक्षर नाही. उलट कुणी विषय काढला की त्या उठून आत जायच्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला इंदूरहून केदार आला. परागरावांचा चुलत भाऊ, दुसऱ्या काकांचा मुलगा. इंदूरला दोन फ्लॅट, कपड्यांचं दुकान, स्वभाव मोकळा. नमस्कार केला, सात पुरणपोळ्या हाणल्या आणि वरच्या खोलीत जाऊन घोरत पडला. मंजूषाताईंना त्याची मनापासून कीव आली. बिचारा नापास होतोय आणि त्याला पत्ताच नाही, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी देवींची पाठवणी झाली, अक्षता पडल्या, केदार गाडी काढून निघून गेला. काकूंनी मंजूषाताईंना शेजारी बसवून घेतलं.

"मंजू, माझं आता होत नाही गं," काकू म्हणाल्या. "निरवानिरव करून टाकलेली बरी. घर मी केदारला दिलंय. गेल्या महिन्यात रजिस्ट्री झाली. मी आहे तोवर राहीन, मग त्याचं."

मंजूषाताईंना वाटलं, ही अजून एक परीक्षा. त्या हसल्या. काकू हसल्या नाहीत.

"केदारला?" मंजूषाताईंनी विचारलं. "का पण?"

"का म्हणजे? त्याने मागितलं. चहा पिता पिता म्हणाला, काकू, हे घर मला देता का, भोपाळला दुकान टाकतोय. मी म्हटलं, ने बाबा." काकूंनी पदराने चष्मा पुसला. "तुम्हाला नकोच होतं ना. इतक्या वर्षांत ब्र काढला नाहीत. विषय निघाला की तू उठून जायचीस. मला वाटलं, पोरांकडे पुण्याला जाणार असाल."

मंजूषाताईंनी पोटातलं सगळं एकदाचं ओठांवर आणलं. "काकू, मी हे सगळं घरासाठीच करत होते. घड्याळ, आमटी, पुरण, सगळं. डिसेंबरनंतर आम्हाला डोक्यावर छप्पर नाही." बोलून झाल्यावर त्या रडल्या. लाजही वाटली आणि रागही आला, जास्त स्वतःचाच.

काकूंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "अगं बाई, मग बोलायचं होतंस की. तुलाच दिलं असतं." आणि त्यांनी मंजूषाताईंच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताने मंजूषाताईंना जास्तच भडभडून आलं.

मग काकू भिंतीला धरत देवघरात गेल्या आणि लाल फडक्यात गुंडाळलेले दोन्ही मुखवटे घेऊन आल्या. "ह्या मात्र तुझ्या. पुढच्या वर्षीपासून तू बसवायच्या. कोठ्या, भांडी परागला नेऊ दे सावकाश."

"मलाच का?" मंजूषाताईंनी डोळे पुसत विचारलं.

"ह्या कुणी मागत नाही," काकू म्हणाल्या.

नाही म्हणायची ती वेळ होती. आयुष्यभराची भीड आडवी आली आणि मंजूषाताईंनी ओटी पुढे केली. मुखवटे चांगले वजनदार होते.

संध्याकाळी त्या ऑटोने निघाल्या. चुना भट्टीच्या खड्ड्यांत ऑटो आदळला की त्या मांडीवरचं गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरायच्या. सांगायलाच हवं, की राग आला असूनही त्यांनी फडकं जरा सैल केलं होतं, देवींना गुदमरायला नको म्हणून.

ड्रायव्हर आरशातून बघत होता. "बड़ी सँभाल के ले जा रही हो, आंटी. कुछ कीमती सामान है क्या?"

"सामान नहीं है भैया," मंजूषाताई म्हणाल्या. "रिश्तेदार हैं. आज से मेरे पास रहेंगी. आपके मोहल्ले में कोई मकान खाली हो तो बताना, हॉल ज़रा बड़ा चाहिए."