आखाजीआधीची साखर

दंडाला पट्टा बांधण्याआधी अक्का दोन बोटांनी शीर चाचपायच्या आणि विचारायच्या, “आठ दिन काय खादं? खरं सांगा.” सुई नंतर. माणसं सुईपेक्षा या प्रश्नालाच जास्त घाबरायची.

मी जळगावातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसतो. अक्कांनी तिथे तेवीस वर्षं रक्त काढलं. मूळच्या दोंडाईचाच्या. समोर शेतकरी असो की प्राध्यापक, बोलणं अहिराणीतच.

आपल्याकडची एक खोड तुम्हीही पाहिली असेल. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण, जवळ आली की झाडून सगळे मधुमेही साखर तपासायला येतात. त्याआधी आठ दिवस मेथीची भाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कारल्याचा रस आणि मेहरूण तलावावर फेऱ्या. मग उपाशीपोटीची साखर बरी आली की आमरसावर आणि खापराच्या पुरणपोळ्यांवर ताव मारायला मोकळे.

माझे वडील, नाना, त्यातलेच. डाळमिलमधून निवृत्त झाले तरी स्वभावाने अजून मुकादम. एका वर्षी त्यांची साखर छान आली. मी खुशीत रिपोर्ट छापत होतो, तेवढ्यात अक्कांनी नानांना विचारलं, “जिना चढतांना घाम येस का?”

“येस थोडा. गॅस शे,” नाना म्हणाले.

“मंग मांगला तीन महिनानी साखर आजच करू, चरबी करू, लघवी बी देखू.”

मी वैतागलो. “जाऊ द्या ना अक्का. सण तोंडावर आलाय.”

“तू तुनं काम कर,” त्या मला म्हणाल्या. मग नानांकडे वळून, “आठ दिन कोन्हीबी सुधरस. रगतमा तीन महिनानं बठ्ठं लिखेल शे.”

संध्याकाळी आकडे आले. तीन महिन्यांची साखर भलतीच वर, वाईट कोलेस्टेरॉल वर, लघवीत प्रथिनं. नाना उसळले. “तुमनं मशीन बिघडेल शे.”

अक्का चिडल्या नाहीत. “काय शे ते डॉक्टर सांगतीन. पन आजच जा.” आणि नानांचा हात धरून स्वतःच रिक्षात बसल्या.

हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद निघाल्या. मधुमेहात पुष्कळदा छाती दुखतच नाही, नुसता घाम येतो, गॅस झाल्यासारखं वाटतं, असं डॉक्टर म्हणाले. स्टेंट बसवले, नाना वाचले. मी ‘जाऊ द्या’ म्हणालो होतो तो माझ्या बापाचा जीव होता, याची लाज मला अजून वाटते. आणि अक्का आमच्या लॅबच्या, हे सांगताना छाती फुगते.

नाना काही आभार मानणाऱ्यांतले नाहीत. पुढे दर तीन महिन्यांनी यायचे, मुकाट्याने बाही वर करायचे आणि जायचे.

गेल्या दिवाळीत अक्का निवृत्त होऊन मुलाकडे धुळ्याला गेल्या. त्यांच्या खुर्चीवर आता नवी मुलगी बसते. हात तिचाही हलका आहे, पण ती कुणाला काही विचारत नाही.

यंदा आखाजीच्या दोन दिवस आधी नाना मला म्हणाले, “उद्या धुळे जाय. सणले लेक एकली येत नही, तिना भाऊले मुराळी धाडना पडस.”

धुळ्यात दार अक्कांच्या सुनेने उघडलं. “कोण आपण?” तिने विचारलं.

“मी अक्कांचा भाऊ,” मी म्हणालो. “त्यांना माहेरी न्यायला आलोय.”